पश्चिम आफ्रिकेत तरुणांसाठी भाजीपाला-व्यवसायाचे प्रशिक्षण कसे उभारावे

पश्चिम आफ्रिकेत भाजीपाला आणि फळबागेच्या प्रशिक्षणाचे काम हाती घेणाऱ्याने अभ्यासक्रम लिहायला बसण्यापूर्वी, प्रशिक्षणार्थी ज्या भागातून येणार आहेत तिथल्या सर्वांत जवळच्या घाऊक बाजारात किमान महिनाभर पहाटे जाऊन उभे राहावे. बहुतेक कार्यक्रमांचा क्रम याच्या उलट असतो: आधी गादीवाफे, मग रोपे, मग खते, मग फवारणी, आणि शेवटच्या आठवड्यात विपणनावरचे एक व्याख्यान, ज्यानंतर प्रमाणपत्र, झारी आणि कुदळ हातात देऊन मुलांना घरी पाठवले जाते. पीक उभे करणे या मुलांना फारसे जड जात नाही, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांनी आईच्या वाफ्यांना लहानपणापासून पाणी घातलेले असते. गाडी अडते ती विकताना, आणि म्हणूनच इथे सुचवलेला क्रम विक्रीपासून सुरू होऊन पेरणीकडे मागे येतो.

बाजार वाचायला शिकवणे

घानाच्या मोठ्या बाजारांत टोमॅटो, कांदा, रताळे अशा प्रत्येक मालाच्या व्यापारी स्त्रियांची संघटना असते आणि तिच्या प्रमुख बाईला ‘मार्केट क्वीन’ म्हणतात. टोमॅटोच्या व्यापारी स्त्रिया कोरड्या हंगामात ट्रक घेऊन थेट बुर्किना फासोपर्यंत खरेदीला जात आल्या आहेत. सेनेगलमध्ये शेतावर येऊन माल उचलणारे ‘बाना-बाना’ आणि बाजारात सौदा जुळवून देणारे ‘कोक्सर’ असतात. माली, बुर्किना आणि कोत दिव्वारच्या आंबापट्ट्यात निर्यातदारासाठी बागा हेरत फिरणाऱ्याला ‘पिस्तर’ हे नाव आहे. प्रकल्पांच्या कागदपत्रांत या सर्वांना ‘मध्यस्थ’ या एका शब्दात गुंडाळून त्यांना टाळण्याचे उपाय सुचवलेले असतात, आणि मला तो उतावळेपणा वाटतो. हीच माणसे लागवडीसाठी उचल देतात, माल सडण्याची जोखीम अंगावर घेतात आणि कोणत्या दिवशी कोणत्या शहरात आवक वाढणार हे आधी ओळखतात. तेव्हा प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापैकी एकदोघांना वर्गात बोलावून, कोणता माल ते नाकारतात आणि का, एवढाच प्रश्न विचारावा व मुलांना उत्तर लिहून घ्यायला सांगावे.

याच टप्प्यावर प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला एक भाववही आणि दोघांत मिळून एक स्प्रिंगचा वजनकाटा द्यावा. घानात ‘ओलोंका’ नावाच्या डब्याने, उत्तर नायजेरियात ‘मुडू’ या भांड्याने आणि सगळीकडेच वर शीग लावलेल्या पोत्याने माल मोजला जातो, त्यामुळे किलोचा भाव बाजारात कुणीच सांगत नाही. पोत्याच्या तोंडाला जाळी शिवून त्यावर आणखी कांदा रचला की कागदावर एकच असणारे पोते प्रत्यक्षात बरेच जड होते, आणि त्या वाढीव वजनाचे पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत. मुलांनी स्वतः पोती तोलून किलोचा भाव काढावा. व्याख्यानाने जे पटत नाही ते काट्यावर दोन पोती ठेवल्यावर पटते.

भाववहीतून हंगामाचे चक्रही उमगते. साहेल (सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा) आणि सवाना पट्ट्यात पाऊस संपल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, सिंचनावर भाजीपाला घेतला जातो. फ्रेंचभाषक देशांत याला ‘कोंत्र-सेझों’ आणि हौसा भाषेत ‘नोमान रानी’ म्हणतात. सगळेच एका वेळी लावतात, म्हणून सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो. सेनेगलचे सरकार देशी कांदा बाजारात असतो त्या महिन्यांत कांद्याची आयात थांबवते आणि एरवी नेदरलँड्सचा कांदा बाजार भरून टाकतो; त्यामुळे डाकारपासून सँ-लुईपर्यंतच्या नियाय या किनारी भाजीपट्ट्यात काम करणाऱ्याने लागवडीचे वेळापत्रक आखताना आयातबंदीच्या तारखा पावसाच्या तारखांइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

पहिले पीक कोणते

पहिल्या फेरीला टोमॅटो देऊ नये. त्याचा भाव चांगला दिसतो, पण मर, पर्णगुच्छ विषाणू आणि नागअळी यांना तोंड द्यायला नवशिक्या तयार नसतो. माठ, बेनिन-टोगोकडे आवडीने खाल्ला जाणारा वांग्याच्या कुळातला ‘ग्बोमा’, योरुबा घरांत ‘एवेडू’ म्हणून शिजणारी तागाची पाने, किंवा अंबाडी, ज्या पिकाच्या लाल बोंडांचे ‘बिसाप’ हे पेय सेनेगलमध्ये घरोघरी होते, यांपैकी एखादी पालेभाजी आधी घ्यावी. माठ तीन-चार आठवड्यांत कापणीला येतो, म्हणजे मुलाच्या हातात महिन्याभरात स्वतः कमावलेले पैसे पडतात आणि चूक झाली तर ती सुधारायला हंगाम शिल्लक असतो. दुसऱ्या फेरीला भेंडी, मिरची किंवा सेनेगलचे कडसर ‘जाखातू’ वांगे, आणि त्यानंतर कांदा, असा चढता क्रम ठेवावा.

जमीन आणि पाणी

तरुणांकडे, विशेषतः मुलींकडे, स्वतःच्या नावावर जमीन जवळपास नसतेच. ती कुटुंबप्रमुखाकडे किंवा परंपरेने गावाच्या मुखियाकडे असते आणि तोंडी शब्दावर कसायला मिळते. शब्द पाळलाही जातो, पण पडीक तुकड्यावर कुणी दोन हंगाम शेणखत घालून हिरवाई उभी केली की मालकाला तो तुकडा एकाएकी हवासा वाटू लागतो. म्हणून लागवडीपूर्वी मुखिया, जमीनधारक आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी किमान तीन वर्षांचा साधा करार स्थानिक भाषेत वाचून दाखवून करावा. एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही: या प्रदेशाच्या बऱ्याच भागांत झाड लावणे म्हणजे जमिनीवर हक्क सांगणे समजले जाते. उसन्या जमिनीवर हौसेने आंब्याची चार कलमे लावलेल्या मुलाला पुढच्या हंगामात ती जमीन मिळेलच असे नाही, आणि कुंपणासाठीही जिवंत झाडे लावण्यापूर्वी विचारलेले बरे.

पाण्याचा हिशेब मात्र सरळ आहे आणि तो मुलांकडूनच करून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हरमटनचे कोरडे वारे सुटलेले असताना भरात आलेल्या पिकाला दिवसाला सहा मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर ५०० चौरस मीटरच्या तुकड्याला रोज ३,००० लिटर लागतील. दहा लिटरच्या झारीने म्हणजे तीनशे खेपा. हा आकडा फळ्यावर लिहिला की तुकडा लहान का ठेवायचा, हे वेगळे समजवावे लागत नाही. नायजरमध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेने लहान शेतकऱ्यांसाठी कमी दाबाच्या ठिबकचा जो नमुना विकसित केला, त्यात साध्या टाकीतून गुरुत्वाकर्षणाने पाणी सोडले जाते. पंप सौर असेल तर इंधनाचा खर्चही वाचतो. परंतु विहीर मार्चमध्ये किती वेळाने पुन्हा भरते हे मोजल्याशिवाय कोणतीही यंत्रणा विकत घेऊ नये.

शिकवण्याची पद्धत

या प्रदेशात घेण्यासारखे नमुने आधीपासून आहेत. बेनिनमधील पोर्तो-नोव्हो येथे १९८५ साली फादर गॉडफ्रे न्झामुजो यांनी दलदलीच्या छोट्या तुकड्यावर सुरू केलेल्या सोंघाई केंद्रात भाजीपाला, मासे, पशुपालन आणि बायोगॅस एकमेकांच्या उरल्यासुरल्यावर चालतात, आणि शिकणारी मुले त्या चक्रात प्रत्यक्ष काम करतात. नायजेरियातील इबादान येथील आयआयटीए या कृषी-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये वेगवेगळ्या विषयांच्या पदवीधर तरुणांचा गट उभा करून त्यांना शेतीव्यवसायात उतरवले. सेनेगल, माली, बेनिनमधील ‘मेझों फामिलियाल रुराल’ शाळांत मुले काही दिवस केंद्रावर आणि उरलेला काळ घरच्या शेतावर, अशी आळीपाळीने शिकतात. मला या तिन्हींत शेवटची पद्धत सर्वांत उपयोगी वाटते, कारण सहा महिने वसतिगृहात राहून केंद्राच्या ट्रॅक्टरवर आणि बोअरवेलवर शिकलेला मुलगा गावी परतला की त्याच्याकडे ट्रॅक्टरही नसतो आणि बोअरवेलही. एक आठवडा केंद्रावर, तीन आठवडे स्वतःच्या तुकड्यावर आणि त्या तीन आठवड्यांत प्रशिक्षकाची किमान एक फेरी, हे प्रमाण ठेवावे. शिकवणे बांबारा, जुला, हौसा, वोलोफ, फॉन अशा तिथल्या भाषेत असावे. फ्रेंच किंवा इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचण्यापुरती आणावी, आणि तेवढ्यासाठी आवर्जून आणावी.

कांद्याचे उदाहरण जवळून पाहू. नायजरमधील गाल्मी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘व्हायोलेत द गाल्मी’ ही जात या पट्ट्यात सर्वत्र चालते. रोपवाटिकेतील सुमारे दीड महिना आणि पुनर्लागवडीनंतरचे तीन-साडेतीन महिने असे पाच महिने पीक सांभाळल्यावर नुकसान होते ते शेवटच्या पंधरवड्यात. भाव चढा दिसला की हिरव्या पातीचाच कांदा उपटला जातो, किंवा वजन भरावे म्हणून काढणीच्या तोंडावर युरिया आणि पाणी दिले जाते. प्रशिक्षकाने अशा वेळी शेतात बसून दोन कांदे हातात घ्यावेत: एकाची मान चिमटीत दाबली तर जाड, ओलसर आणि टणक लागते, दुसऱ्याची मऊ पडून वाळलेल्या कागदासारखी मिटते. पहिला पोत्यात आठवडाभरात मानेपासून कुजायला लागतो आणि शेजारच्यांनाही लावतो. निम्म्याहून अधिक माना आपोआप पडेपर्यंत थांबणे, काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडणे आणि पातीसकट सावलीत सुकवून मगच मान कापणे, या तीन गोष्टी ज्याने स्वतःच्या मालावर केल्या त्याला साठवणुकीवरचे निराळे प्रकरण शिकवावे लागत नाही. जे डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा फुटलेले कांदे, आले असतील ते वेगळे काढून लगेच विकावेत.

टोमॅटोचे नुकसान वेगळ्या जागी होते. उत्तर नायजेरियातून लागोसच्या माइल १२ बाजारापर्यंत शेकडो किलोमीटर जाणारा माल पुष्कळदा ताडाच्या पात्यांच्या खोल टोपल्यांत भरलेला असतो, आणि तळाचे थर वरच्या वजनाने वाटेतच फुटतात. टोपल्यांऐवजी उथळ, हवेशीर प्लास्टिक क्रेट वापरले की नासाडी घटते, पण रिकामे क्रेट परत कोण आणणार हे आधी ठरले नसेल तर पहिल्याच खेपेनंतर ते शहरातच राहतात.

फवारणी

या विषयावर प्रशिक्षणाचा वेळ वाचवू नये. कापसासाठी वाटलेली कीटकनाशके भाजीवर मारली जाणे, शीतपेयाच्या बाटलीत ओतून सुटी विकली जाणे आणि आज फवारून उद्या पालेभाजी कापणे, या तिन्ही गोष्टी इथे सर्रास दिसतात. साहेल देशांत कोणते औषध चालेल हे प्रादेशिक कीटकनाशक समिती ठरवते. घानात पर्यावरण संरक्षण यंत्रणा आणि नायजेरियात नॅफडॅक ही अन्न-औषध नियंत्रक संस्था हे काम करते. प्रत्येक तुकडीने चालू हंगामातील मान्य औषधांची यादी मिळवून, जवळच्या तीन दुकानांतील बाटल्यांशी ती ताडून पाहावी, आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ वाफ्याशेजारी पाटीवर तारखेनिशी लिहावा.

किडीच्या बाबतीत गाफील राहिल्याची किंमत अख्खा प्रदेश मोजतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टुटा ॲब्सोल्युटा या नागअळीने २०१६ मध्ये उत्तर नायजेरियातील टोमॅटो इतका उद्ध्वस्त केला की मे महिन्यात कडुना राज्याने आणीबाणी जाहीर केली. लोक त्या किडीला ‘टोमॅटोचा इबोला’ म्हणू लागले. घानातून युरोपात जाणाऱ्या मिरची, वांगी, दुधी, दोडका आणि कारली या भाज्यांत वारंवार कीड सापडल्यामुळे युरोपीय संघाने २०१५ च्या ऑक्टोबरपासून त्यांची आयात बंद केली आणि २०१८ उजाडेपर्यंत ती बंदच राहिली. आंब्यावरील फळमाशीसाठी तिला ओढून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉल या रसायनाचे सापळे, गळालेली फळे रोज वेचून काळ्या प्लास्टिकमध्ये उन्हात तापवणे आणि बागेतल्या पाने विणणाऱ्या तांबड्या मुंग्यांना न मारणे, हे स्वस्त उपाय तरुणांना शिकवून त्यांच्याकडून गटाने करून घेता येतात. एका बागेत सापळे आणि शेजारच्या बागेत सडकी फळे असली तर दोघांचेही श्रम वाया जातात.

हिशेबाची वही

प्रशिक्षणाचा हा भाग सर्वांत कंटाळवाणा समजला जातो आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. समजा एका मुलीने ५०० चौरस मीटरवर कांदा घेतला आणि १,००० किलो विक्रीयोग्य माल निघाला. बियाण्याला १५,००० सेफा फ्रँक (या प्रदेशातील आठ देशांचे चलन), खताला २५,०००, पंपाच्या इंधनाला ४०,०००, मजुरीला २०,००० आणि पोती-वाहतुकीला १५,००० लागले, म्हणजे एकूण १,१५,०००. किलोला २०० फ्रँक मिळाले तर २,००,००० येऊन ८५,००० उरतात. पाच महिन्यांत वाटले तर महिना १७,०००. आता तोच भाव आवकेच्या लाटेत १२० वर आला असे धरा. हाती १,२०,००० पडतील आणि पाच महिन्यांच्या कष्टाचे ५,००० राहतील. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हेच गणित लागवडीपूर्वी एकदा आणि विक्रीनंतर पुन्हा करावे. इंधनाची ओळ सर्वांत जाड आहे हे तिचे तिलाच दिसेल, आणि सौरपंपाची चर्चा त्या क्षणी सुरू करावी, त्याआधी नाही. घरात खाल्लेली आणि नातेवाइकांना दिलेली भाजीही वहीत भाव लावून लिहावी, नाहीतर उत्पन्न कमी का दिसते याचा उलगडा होत नाही.

गट, भांडवल आणि परवाने

पश्चिम आफ्रिकेत सेफा फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांत सहकारी संस्थांना ओहादा या, सभासद देशांचे व्यापारी कायदे सारखे करणाऱ्या संघटनेचा २०१० चा समान कायदा लागू आहे. त्यानुसार साधी सहकारी संस्था पाच सभासदांवर नोंदवता येते, तर संचालक मंडळ असलेल्या संस्थेला पंधरा लागतात. घाना आणि नायजेरिया ओहादात नाहीत, त्यांचे कायदे वेगळे. पंचवीस मुलांची मोठी संस्था कागदावर उभी करण्यापेक्षा, एकमेकांना ओळखणाऱ्या पाचसहा जणांनी बियाणे एकत्र घ्यावे आणि वाहन एकत्र ठरवावे. पीक मात्र ज्याचे त्याचे वेगळे असावे. सामाईक शेतात पाणी घालण्याची पाळी कुणाची यावरूनच निम्मी भांडणे होतात.

सुरुवातीच्या भांडवलासाठी बँकेच्या आधी तोंतीन पाहावी. घानात ‘सुसू’, योरुबा भागात ‘एसुसू’ किंवा ‘अजो’ म्हणून चालणारी ही पद्धत म्हणजे आपली भिशीच. उचलण्याची पाळी लागवडीच्या महिन्यात यावी अशी ती गटाने आखून घ्यावी. प्रकल्पाने साहित्य फुकट वाटू नये; बियाण्याची निम्मी किंमत तरी मुलाने द्यावी, आणि उरलेली विक्रीनंतर मोबाइल-मनीवर हप्त्याने घ्यावी.

निर्यातीचे नाव पहिल्या दोन वर्षांत काढू नये. घानातील लहान अननस-उत्पादक स्मूथ कायेन ही जात लावत होते, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपच्या खरेदीदारांनी एमडी-२ या जातीकडे मोहरा वळवल्यावर पुष्कळांचे फळ शेतातच राहिले, कारण नव्या जातीची रोपे महाग होती आणि तिला तयार व्हायला वेळ हवा होता. शेजारदेशांचा बाजार अधिक जवळचा. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघाच्या नियमांनुसार सभासद देशांतील प्रक्रिया न केलेल्या शेतमालावर सीमाशुल्क लागत नाही, तरी वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो आणि वाटेतले तपासणी नाके वेळ खातात. माली, बुर्किना आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, म्हणून सीमेपलीकडचा सौदा करण्यापूर्वी चालू नियम नाक्यावरच विचारावेत.

प्रत्येकाने शेतीच करावी असा आग्रह नको. रोपे विकणे, पंप दुरुस्त करणे, आंब्याची छाटणी व सापळ्यांचे काम ठेक्याने घेणे, बुर्किना फासोतील बोबो-दियुलासोकडे चालते तशी आंब्याची सुकवणी करणे, हेही याच व्यवसायाचे भाग आहेत. नायजेरियातील कोल्डहब्स या कंपनीने बाजारातच सौरऊर्जेवरच्या शीतखोल्या उभारून क्रेटमागे दिवसाचे भाडे घेण्याची पद्धत रुळवली. सुरुवातीचे भाडे १०० नायरा होते. ज्या मुलाचा कल यंत्राकडे आहे त्याला वाफ्यात बसवून ठेवू नये.

प्रशिक्षण संपल्याची नोंद प्रमाणपत्राच्या दिवशी करू नये. पुढच्या कोरड्या हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरअखेर, प्रशिक्षकाने प्रत्येक तुकड्यावर एकदा जावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: बियाण्याचे पाकीट कुणाच्या पैशाने आले, वहीत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, आणि माल घ्यायला कोण येणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचे नाव आणि त्याचा फोन नंबर उत्तर म्हणून आला, तर त्या मुलाचे नाव यादीतून काढून ती जागा नव्या प्रशिक्षणार्थ्याला द्यावी.